मतांच्या हंगामातले कंड्यांचे पीक

पावसाळा लागला म्हणजे बांधावर न पेरता गवत उगवते. निवडणूक लागली म्हणजे गावोगाव कंड्या पिकतात. फरक इतकाच की, गवत कोणी पेरीत नाही. कंडी मात्र नेहमी कोणीतरी पेरलेली असते. बांधावरचे गवत निदान गुरांच्या पोटात तरी जाते. कंडीचे पीक कोणाच्या पोटात जाते, याचा विचार आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनी करावा, एवढ्याच हेतूने आज आम्ही लेखणी हाती घेतली आहे.

प्रथम या पिकाची वाणे पाहू. "अमक्याचा जातीचा दाखला खोटा आहे," हे एक वाण. "अमकीची चालचलणूक बरी नाही," हे दुसरे. "अमका काल रात्री पैसे घेऊन बसला, आता मत फुकट कशाला घालवता?" हे तिसरे, हे मतदानाच्या आदल्या रात्री पेरतात. "अमका निवडून आला तर तुमचे रेशन बंद होईल," हे चौथे. आणि पाचवे सर्वांत विषारी: "कोणी कोणास मत दिले ते यंत्रात साहेबांना कळते बरे!" हे वाण मजुरांच्या वस्तीत, ऊसतोडीवर जाणाऱ्यांच्या पालात आणि एकट्या बायाबापड्यांच्या उंबऱ्यावर मुद्दाम पेरले जाते.

या पाचव्याचा निकाल आधी लावून टाकू. लोकसभेच्या व विधानसभेच्या मतदानात बटण दाबल्यावर कागदाची चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते. तीवर उमेदवाराचे नाव व चिन्ह असते. मत देणाऱ्याचे नाव नसते. मतदान गुप्त राखणे हे तेथे बसलेल्या प्रत्येक अधिकाऱ्यावर कायद्याने बंधनकारक आहे. केंद्रवार मतांचे आकडे मात्र जाहीर होतात. म्हणून अमक्या वाडीचा कल कोणीकडे होता हे पुढाऱ्यास कळते. सखूबाईने काय केले हे त्याच्या बापासही कळत नाही. पण या चिमूटभर खऱ्यात घमेलेभर खोटे कालवून आमच्या गरिबांस भीती घातली जाते. कंडीची हीच तऱ्हा आहे. निव्वळ खोटे सहसा पचत नाही. खऱ्याच्या पिठात मळले म्हणजे त्याची भाकर फुगते.

आता आमच्याच दारात घडलेली गोष्ट सांगतो. विधानसभेच्या एका निवडणुकीत एक सभ्य दिसणारे गृहस्थ आमच्याकडे हस्तपत्रकाचा मजकूर घेऊन आले. मजकुरात एका उमेदवाराच्या घरातील सुनेविषयी असे काही लिहिले होते की, ते येथे छापण्यास आम्हास लाज वाटते. आम्ही विचारले, "हे खरे कशावरून?" ते म्हणाले, "सगळा तालुका बोलतो." आम्ही विचारले, "प्रकाशक म्हणून नाव कोणाचे घालू?" गृहस्थ हसले आणि म्हणाले, "नाव घालायचे असते तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? दर दुप्पट लावा." आम्ही मजकूर परत दिला. दुसऱ्या दिवशी तेच पत्रक बिननावाचे गावोगाव फिरले. आणखी ऐका! ज्याच्या बाजूने ते फिरले तो उमेदवार आमच्याच विचाराचा म्हणवून घेत होता. ती सून पुढे कित्येक महिने पाणवठ्यावर एकटी जात नव्हती, असे आम्हास मागाहून कळले. आम्ही पत्रक छापले नाही याचा अभिमान आम्ही मिरवीत नाही. त्याच दिवशी त्याविरुद्ध चार ओळी लिहिल्या नाहीत, आपल्या बाजूचे नुकसान होईल म्हणून गप्प बसलो, याची मात्र आम्हास आजही शरम वाटते. हा लेख त्या गप्प बसण्याचे उशिराने दिलेले प्रायश्चित्त समजावे.

कोणी म्हणतील, निवडणुकीत असे चालायचेच. एवढे मनावर काय घ्यायचे? त्यांस आम्ही सातासमुद्रापलीकडचा एक दाखला देतो. तो आमच्या वाचकांस परका वाटणार नाही.

सन १९३४. अमेरिकेतील कॅलिफोर्निया संस्थान. मंदीने लाखो लोकांचा रोजगार गेलेला. एकीकडे कारखाने बंद, जमिनी पडीक. दुसरीकडे हात रिकामे आणि पोटे उपाशी. त्या वेळी अप्टन सिंक्लेअर नावाचे ग्रंथकार गव्हर्नरच्या जागेस उभे राहिले. याच गृहस्थांनी १९०६ साली शिकागोच्या कत्तलखान्यांतील मजुरांचे हाल कादंबरीरूपाने जगापुढे मांडले होते. त्यांची योजना साधी होती. पडीक जमिनी व बंद कारखाने सरकारने हाती घ्यावे, बेकारांनी तेथे आपल्यापुरते धान्य पिकवावे व कापडचोपड करावे, आणि गरजू म्हाताऱ्यांस महिना ५० डॉलर निर्वाह मिळावा. योजनेस त्यांनी नाव दिले, 'कॅलिफोर्नियातील दारिद्र्य संपवा.' ऑगस्ट महिन्यात डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत त्यांस चार लाखांवर मते पडली आणि ते पक्षाचे उमेदवार ठरले.

ही योजना बरी होती की वाईट, पैसा कोठून येणार होता, यावर खुशाल वाद घालता आला असता. विचारी माणसांनी तसे आक्षेप घेतलेही. पण ज्यांच्या पडीक जमिनी आणि बंद कारखाने होते त्यांस वाद नको होता. त्यांस सिंक्लेअर पडावयास हवे होते. मग काय केले? त्यांच्या पुस्तकांतून वाक्ये खुडून लॉस एंजल्सच्या एका मोठ्या दैनिकाने रोज चौकटीत छापली. कादंबरीतील एका पात्राच्या तोंडचे लग्नसंस्थेविषयीचे बोलणे खुद्द ग्रंथकाराचे मत म्हणून लोकांपुढे ठेवले. नाटकातला दुर्योधन बोलतो ते नाटककाराचे बोल समजावे, असाच हा न्याय! बेकारांचे लोंढे कॅलिफोर्नियात येऊन पडले आहेत, असे दाखविण्यास एका वृत्तपत्राने चक्क चित्रपटातील नटनटींचे छायाचित्र छापले. एका बड्या चित्रपट कंपनीने खऱ्या बातम्यांचे सोंग घेतलेले बोलपट काढून गावोगावच्या नाटकगृहांत दाखविले. त्यांत फाटके, दाढी वाढलेले इसम सिंक्लेअरचा जयजयकार करीत आणि नीटनेटके गृहस्थ विरुद्ध मत देत. त्याच चित्रपटधंद्यात कामगारांच्या पगारातून एका दिवसाची मजुरी विरुद्ध उमेदवाराच्या खर्चासाठी कापली गेली. मजुराच्याच पैशाने मजुराच्या उमेदवारावर चिखलफेक!

आणि याला खऱ्याची चिमूट कोणी पुरविली? खुद्द सिंक्लेअर यांनीच. आपण निवडून आलो तर देशातील निम्मे बेकार इकडेच येतील, असे ते एकदा थट्टेने बोलून गेले. तेवढे वाक्य उचलून रस्तोरस्ती फलक लागले. म्हणून आमच्या उमेदवारांसही आमचे सांगणे आहे: व्यासपीठावर जीभ सैल सोडू नका. तुमचा विनोद तुमच्या मित्रांस घटकाभर हसवितो. शत्रूस महिनाभर पुरतो.

६ नोव्हेंबर १९३४ रोजी मतदान झाले. फ्रँक मेरियम यांस सुमारे ११ लाख ३८ हजार, सिंक्लेअर यांस सुमारे ८ लाख ७९ हजार आणि तिसऱ्या उमेदवारास तीन लाखांवर मते मिळाली. सिंक्लेअर केवळ कंड्यांनी पडले असे आम्ही म्हणत नाही. तिसऱ्या उमेदवाराने मते खाल्ली, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी पाठिंबा दिला नाही, हीही कारणे होती. पण उपाशी माणसाने पडीक जमीन कसावी की नाही, या एका प्रश्नाचे उत्तर त्या निवडणुकीने द्यावयाचे होते. ते दिलेच गेले नाही. लोक दाढीवाल्यांच्या चित्रावर भांडत राहिले. बंधूंनो, कंडी उमेदवाराची अब्रू चोरते हे खरे. पण त्याहून मोठी चोरी ती तुमच्या घरी करते. ती तुमचा प्रश्न चोरते.

आपल्याकडे पाहा. कालव्याचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत का पोचत नाही? कांद्याचा भाव पडतो तेव्हा कोण कोठे असतो? रोजगार हमीची मजुरी वेळेवर का मिळत नाही? कुंभारास माती आणि बुरुडास बांबू मिळण्यास किती खेटे घालावे लागतात? हे प्रश्न चावडीवर निघाले तर पुढाऱ्यास घाम फुटतो. म्हणून प्रश्न निघण्याआधीच कोणाच्या तरी सुनेची, कोणाच्या तरी दाखल्याची, कोणाच्या तरी देवधर्माची गोष्ट काढली जाते. मग पाच वर्षे पाणी येत नाही, आणि आपण मात्र ती गोष्ट चवीने चघळीत बसतो.

कंड्या पेरण्याची वेळही ठरलेली असते. १९२४ साली विलायतेत मजूर पक्षाचे पहिले सरकार होते. २९ ऑक्टोबरास मतदान. आणि २५ तारखेस एका मोठ्या दैनिकात रशियन पुढारी झिनोव्हिएव्ह यांच्या नावाचे पत्र झळकले, की मजूर पक्षाच्या आडून इंग्लंडात बंड करावयाचे आहे. पत्र बनावट होते, असेच पुढे बहुतेक सर्व अभ्यासकांचे मत झाले. ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या इतिहासकारांनी १९९९ साली केलेल्या तपासाचाही रोख तोच होता. पण मतदान होऊन तोवर पाऊणशे वर्षे लोटली होती! यात एक गोष्ट ध्यानात धरण्याजोगी आहे. त्या निवडणुकीत मजूर पक्षाच्या जागा १९१ वरून १५१ वर आल्या, तरी त्याची मते दहा लाखांच्या आसपास वाढली. ज्यांस आपले हित कळले होते ते कामगार हलले नाहीत.

त्या काळी पत्र बनवावे लागे. आता आवाजही बनविता येतो. स्लोव्हाकिया देशात ३० सप्टेंबर २०२३ रोजी मतदान होते. दोन दिवस आधी विरोधी नेते मिखाल शिमेच्का मते विकत घेण्याच्या गोष्टी करीत आहेत, असे ध्वनिमुद्रण फिरले. ते यंत्राने रचलेले असल्याचे तपासणाऱ्यांनी दाखविले. पण त्या दोन दिवसांत तेथे प्रचारबंदी असते. म्हणजे चोर मोकळा आणि घरमालकाचे तोंड बांधलेले. आपल्याकडेही मतदान संपण्यापूर्वीचे ४८ तास जाहीर सभा बंद असतात. म्हणून त्या दोन दिवसांत जी 'खास बातमी' कानावर येईल, ती खोटीच समजून चालावे.

आता कोणी म्हणेल, असे करणारास कायदा नाही काय? आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमाप्रमाणे उमेदवाराच्या खाजगी वर्तनाविषयी जाणूनबुजून खोटे पसरविणे हा भ्रष्टाचार आहे. सिद्ध झाल्यास निवडणूक रद्द होते. १२७-अ कलमाप्रमाणे निवडणुकीच्या पत्रकावर छापणाराचे व प्रकाशकाचे नाव-पत्ता पाहिजे. नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भारतीय न्याय संहितेच्या १७५ व्या कलमातही असल्या खोट्या विधानास शिक्षा आहे. पण ती केवळ दंडाची. आणि निवडणूक रद्द करावयाची तर ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात अर्ज करावयाचा, वकील द्यावयाचा, वर्षानुवर्षे खेटे घालावयाचे. हे लोहाराच्या पोरास परवडेल की कारखानदाराच्या पोरास? त्यातून १२३ व्या कलमाखाली सिद्ध काय करावयाचे? तर हे खोटे खुद्द उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने पसरविले. म्हणून शहाणा पुढारी स्वतः काहीच बोलत नाही. तो हात जोडून सभा करतो, आणि कंडी पुढे ढकलण्यास आमचीच पोरे लावतो.

आमच्या काळजास घर पाडणारी गोष्ट हीच आहे. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ! सुताराचा, धनगराचा, माळ्याचा, मांगाचा वीस वर्षांचा मुलगा. हाताला काम नाही. त्यास कोणी गाडीत पेट्रोल घालून देतो, एक वेळचे जेवण देतो आणि हातातील फोनवरून रोज शंभर ठिकाणी मजकूर धाडावयास सांगतो. पुढे गुन्हा दाखल झाला तर नाव कोणाचे? पोराचे. नोकरीच्या वेळी चारित्र्याचा दाखला अडणार कोणाचा? पोराचा. पुढारी त्या दिवशी म्हणतो, "तो आमचा कार्यकर्ता नव्हेच." आईबापांनो, तुमच्या पोरास फोन घेऊन दिलात, तो कोणाचे खोटे वाहतो हेही एकदा विचारा.

आणि ही सवय निवडणुकीपुरती राहत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे काय झाले, हे आम्ही विसरलो नाही. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत फिरत होते. 'मुले पळविणारी टोळी आली आहे' अशी कंडी फोनवरून पसरलेली होती. जमावाने त्या पाचही जणांस ठार मारले. मारणारेही गरीब, मेलेलेही गरीब. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीने एक मजकूर एका वेळी पाच ठिकाणांहून अधिक पुढे जाऊ नये अशी सोय केली. पाच माणसे मेल्यावर पाचाचा आकडा आला! ती निवडणूक नव्हती हे खरे. पण न विचारता पुढे ढकलणारे बोट तेच, न तपासता विश्वास ठेवणारा कानही तोच. मतांसाठी जे बोट शिकविले, ते एक दिवस कोणाच्या तरी जिवावर चालते.

बायांविषयी तर दोन शब्द निराळेच लिहिले पाहिजेत. २०११ पासून आपल्या राज्यात पंचायतींच्या निम्म्या जागा स्त्रियांस राखीव आहेत. पुरुष उमेदवाराविरुद्ध निदान कर्जाची, जमिनीची भानगड तरी काढतात. बाई उभी राहिली की तिच्या कामाची चौकशी कोणी करीत नाही, एकदम चालचलणुकीवर येतात. ती रात्री सभेस गेली, ती परक्या माणसाशी बोलली! अहो, सरपंच झाली तर तलाठ्याशी, ग्रामसेवकाशी, गटविकास अधिकाऱ्याशी बोलल्यावाचून कारभार काय देव करणार आहे? सावित्रीबाई शाळेत शिकवावयास जात तेव्हा त्यांच्या अंगावर शेण फेकणारे हात होते. आज शेण हातात घ्यावे लागत नाही, फोनवरून फेकता येते; एवढीच काय ती सुधारणा.

मग उमेदवाराविरुद्ध काही बोलूच नये काय? अवश्य बोलावे, आणि तोंडावर बोलावे. टीका निराळी, कंडी निराळी. विधानसभा-लोकसभेच्या उमेदवारास आपल्यावरील गुन्हे, मालमत्ता, कर्ज व शिक्षण प्रतिज्ञापत्रात लिहून द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ सालच्या निकालांनी हा हक्क मतदारास मिळाला. ते प्रतिज्ञापत्र कोणासही पाहता येते. ते वाचून, कागद हाती धरून, चावडीत उभे राहून विचारा. ती टीका. अंधारात, बिननावाने, 'सगळे बोलतात' म्हणून सांगतात ती कंडी.

कुंभाराकडून मडके घेताना आपण टिचकी मारून पाहतो. सोयाबीन पेरण्यापूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून किती उगवतात ते मोजतो. दोन-चारशे रुपयांच्या मालास एवढी पारख. मग पाच वर्षांच्या कारभारास नको? कंडीलाही टिचकी मारा. सांगणारास विचारा: तू स्वतः पाहिलेस काय? हे तू त्या उमेदवाराच्या तोंडावर म्हणशील काय? याखाली आपले नाव लिहून देशील काय? यापासून फायदा कोणाचा? चारांपैकी एकाही प्रश्नास तो अडखळला तर मडके फुटके समजावे. मजकूर फोनवर आला तर तो एक रात्र तसाच ठेवावा. सकाळी तो बहुधा शिळा झालेला असतो. बिननावाचे पत्रक सापडले तर फाडून न टाकता निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावे व पोच घ्यावी. आणि ज्याच्याविरुद्ध कंडी उठली त्यास, तो आपल्या पक्षाचा असो वा नसो, चावडीत बोलावून त्याचे म्हणणे ऐकावे.

शेवटचे सर्वांत कठीण आहे. शत्रूची कंडी आपणास कडू लागते म्हणून आपण ती थुंकतो. आपल्या बाजूची कंडी गोड लागते म्हणून गिळतो. पण विषाला चव पाहून गुण येत नाही. जोतीरावांस 'ख्रिस्ती झाला, धर्म बुडविला' म्हणून हिणविणारांनी जे केले, तेच आपण दुसऱ्याच्या लेकीसुनांस केले, तर त्यांचे नाव घेण्याचा आपणास अधिकार उरत नाही. खोट्याने मिळविलेली जागा ही उसन्या बैलाने केलेली पेरणी आहे. धनी येऊन बैल सोडून नेईल तेव्हा पाभर अर्ध्या वावरातच पडेल.

या पत्रापुरते आम्ही आज जाहीर करतो. बिननावाचा मजकूर, मग तो कोणाच्याही बाजूचा असो, येथे छापला जाणार नाही. आणि असा मजकूर कोणी आणला तर तो कोणाच्या फायद्याचा होता हे त्याच अंकात लिहू. मागे गप्प बसलो, पुन्हा बसणार नाही. वाचकांनी आपापल्या उंबऱ्यावर एवढेच करावे: पुढच्या खेपेस कोणी कानाशी लागून "ऐकले काय?" असे म्हटले, तर त्यास म्हणावे, "ऐकले नाही. चल, चावडीवर ये आणि सर्वांस ऐकव." जो येईल त्याचे ऐका. जो येणार नाही त्याच्या पिकाला तुमच्या वावरात जागा देऊ नका.